मावेल एवढा मैदा

पाचवीच्या पहिल्या घटक चाचणीचा गणिताचा पेपर लेकीने दप्तरातून काढला तो चार घड्या घातलेला. वीसपैकी सात. मी चष्मा लावून पेपर उलगडला. अर्धा अधिक एक तृतीयांश, उत्तर दोन पंचमांश. वरचे दोन आकडे मिळवले, खालचे दोन मिळवले, मोकळी झाली. पुढची चारही गणितं त्याच ठशाची.

मी जळगावात एका पतसंस्थेत कारकून आहे. बावीस वर्षं रोजकीर्द आणि खतावणी लिहितोय, संध्याकाळी कॅश पैशापैशाने जुळल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही. माझ्या पोरीला बेरीज येऊ नये याचं आधी वाईट वाटलं, मग राग आला.

"अगं, खालचे आकडे मिळवायचे नसतात."

"का?"

"नसतात. लसावि काढायचा असतो."

तिने लसावि काढला. मी समोर बसून सहा गणितं करून घेतली, सहाही बरोबर आली. दोन दिवसांनी सहज विचारलं तर पुन्हा दोन पंचमांश.

पुढे जे झालं त्यात माझी योजना वगैरे काही नव्हती. बायको सरकारी दवाखान्यात परिचारिका. त्या वर्षी तिची बदली तालुक्याच्या गावी झाली आणि आठवड्यातले चार दिवस ती तिकडेच राहू लागली. आईचे गुडघे गेलेले, ओट्यापाशी उभं राहणं तिला जमत नाही. तेव्हा तिने स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचं आणि मी तिच्या हुकमाप्रमाणे हात चालवायचे असं ठरलं. मला तोवर चहा आणि ऑम्लेट यापलीकडे काही येत नव्हतं. लेक ओट्याला टेकून उभी राहायची. अभ्यास टाळायला घरात तेवढी एकच सुरक्षित जागा होती.

पहिल्या संध्याकाळी भात. आई म्हणाली, "तांदूळ दीड वाटी घे. पाणी एकास दोन."

"म्हणजे तीन," लेक म्हणाली.

एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. तांदूळ एका वाटीने घेतले, ती ओली कशाला करा म्हणून पाणी शेजारच्या दुसऱ्या वाटीने घातलं. कुकर उघडला तर आत भाताचा गिचका. आईने लांबूनच विचारलं, "वाटी बदललीस ना?"

लेकीने मांडणीवरच्या सगळ्या वाट्या काढून जमिनीवर मांडल्या. आमच्या लग्नात आलेल्या, आमटीच्या, दह्याच्या, कुणाकडून तरी चुकून राहिलेल्या दोन. पाच तऱ्हेच्या निघाल्या. "आजी, यातली खरी वाटी कोणती?"

"ज्या वाटीने तांदूळ घेतलेस ती खरी."

बावीस वर्षं आकडेमोड करून गुणोत्तराची इतकी सरळ व्याख्या मला सुचली नव्हती. वाटी केवढीही असो, तीच दोन्हीकडे हवी. लेकीचं मात्र समाधान झालं नाही. तिला मिलिलिटरमध्ये उत्तर पाहिजे होतं. मग एक लिटरची पाण्याची बाटली घेऊन ती आमटीची वाटी भरभरून पातेल्यात ओतत बसली. सहा वाट्या झाल्या, सातवी भरेना. तिने दुसरी बाटली आणली. तीही मधेच संपली. तिसरी बाटली संपली तेव्हा विसावी वाटी काठोकाठ भरली होती. तीन हजार भागिले वीस, दीडशे. स्वयंपाकघरात पाण्याचं तळं झालं होतं, फरशी मीच पुसली. तिने माझ्या बायकोच्या नेलपॉलिशने वाटीच्या बुडाला १५० लिहिलं. ती वाटी आमच्याकडे आजही 'दीडशेची' म्हणून ओळखली जाते.

त्याच आठवड्यात कधीतरी मुगाची खिचडी होती. अर्धी वाटी तांदूळ, आणि डाळ त्याहून थोडी कमी, असं आईचं माप. "थोडी कमी म्हणजे एक तृतीयांश धरू का?" लेकीने विचारलं. आई म्हणाली, "धर काय धरायचं ते." लेकीने अर्धी वाटी तांदळावरच अंदाजाने तिसऱ्या हिश्शाची डाळ ओतली आणि वाटी हातात धरून बघत राहिली. वाटी जवळजवळ भरली होती, वर बोटभरही जागा उरली नव्हती.

"पप्पा, दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहून कमी ना?"

"हो."

"मग अर्ध्यात आणखी काही घातल्यावर ते अर्ध्याहून कमी कसं होईल?"

मी काही बोललो नाही. आयुष्यात मोजक्या वेळा मी योग्य जागी गप्प बसलो आहे, त्यातली ही एक. त्या दिवशी तिला लसावि कळला असं मुळीच नाही. आपलं उत्तर वेडगळ होतं, एवढंच कळलं. माझ्या मते गणित येण्याआधी हे यावं लागतं. ऑफिसात कॅशमधला फरक नऊने भागला गेला की आम्ही न बोलता अंकांची अदलाबदल शोधायला लागतो, ६३ चे ३६ कुणी लिहिलेत ते बघतो. आकड्याला वास असतो. पुस्तकातल्या अर्ध्याला आणि तृतीयांशाला तो नव्हता, वाटीतल्या डाळतांदळाला होता.

आईला या प्रकारात भलताच रस वाटू लागला. तिने मला माळ्यावर चढवून एक पोतं खाली काढायला लावलं. आत काळी पडलेली पितळी मापं होती, तिच्या सासूबाईंच्या वेळची. शेर, मापटं, चिपटं, कोळवं. निळवं होतं, ते हरवलं. आईने जमिनीवर धान्याचं ताट ठेवायला सांगितलं आणि खुर्चीवरून धडा सुरू केला. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. लेकीने ज्वारीने शेर भरून पाहिला. आठ कोळवी बसली, पण एकदा सात आणि वर थोडं असं आलं. "शीग लावलीस का सपाट घेतलंस?" आईने विचारलं. शीग लावणं म्हणजे मापावर शिखर चढवणं, आणि पूर्वी धान्य उसनं देताना कोण शीग लावतं, कोण हाताने सपाट करतं यावरून माणसं ओळखायची, असं आई म्हणाली. पायलीत निळवी किती, हे लेकीने तोंडी काढलं. चौसष्ट. दुप्पट करत जायचं, दुसरं काही करायचंच नव्हतं.

आईचा जन्म १९४५ चा. तिच्या शाळेच्या काळात सगळंच बदललं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आले. म्हणजे ती आधी आणे आणि शेर शिकली, आणि शिकून होतंय तोवर ते मोडीत निघाले. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे तिच्या तोंडात तसेच राहिले. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. लेकीला वाटलं आजी गंमत करतेय. साडेतीनचा पाढा कुणी पाठ करतं का? आईने तो न अडखळता दहापर्यंत म्हटला आणि लेक मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तपासत राहिली. या पाढ्यांचा मी उदोउदो करणार नाही. मार खाऊन पाठ केलेले पाढे आहेत ते, आणि आई तो मारही विसरलेली नाही. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना आपल्या भाषेत एकेका शब्दाची नावं आहेत, आणि ती नावं लेकीला परकी वाटत होती. ती 'वन पॉइंट फाइव्ह' म्हणायची. शाळा सेमी-इंग्लिश.

ती नावं शिकवताना मीच एकदा तोंडघशी पडलो. आईने सांगितलं, "बेसन पावणेदोनशे ग्रॅम घे." लेकीने काट्यावर वाडगं ठेवलं, बेसन घालत घालत १९९ पर्यंत आणलं आणि चिमटीने एकेक कण टाकायला लागली.

"काय करतेस?"

"पावणे म्हणजे पाव कमी ना? दोनशेला पाव ग्रॅम कमी. काटा पॉइंटमध्ये दाखवत नाही."

तिचं काय चुकलं? पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, हे मीच शिकवलं होतं. पावणेदोनशेमध्ये पाव कमी करायचा तो शंभराचा, हे मी सांगितलं नव्हतं, कारण ते मला कधी वेगळं शिकावंच लागलं नव्हतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्ट हे 'साठ तीन' असंही वाचायला दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, असं डॉ. मंगला नारळीकर पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि ऑफिसात चहाच्या वेळी आम्ही त्यावर विनोद करत होतो. मीही केले होते. पाव ग्रॅमच्या शोधात बेसनाचे कण टाकणारी पोरगी बघितल्यावर ते विनोद आठवून ओशाळलो.

पोळ्या करायला मला सहा महिने लागले. गणितासाठी पोळीइतकी चांगली वस्तू घरात दुसरी नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. लाटी पुरीएवढी लाटायची, तेल लावून अर्ध्यात दुमडायची, पुन्हा तेल लावून पुन्हा दुमडायची. गोल, अर्धा गोल, पाव. मी मोठ्या रुबाबात लेकीला दाखवलं, "हे बघ, पाव पोळी." तिने ती लाटली, आणि तव्यावर टाकताना थांबली.

"पाव पोळीची परत अख्खी पोळी कशी झाली?"

मी म्हणालो, लाटल्यामुळे पसरली. "पण मग पाव कशाचा होता?" यावर मी खूप वेळ विचार केला, तव्यावरची पोळी जळेपर्यंत. पाव होता तो आकाराचा. कणीक पहिल्यापासून तेवढीच होती, चार पदरांत गोळा झालेली. पाव म्हटलं की कशाचा पाव हे विचारावं लागतं, हे ती बेसनाच्या वेळी शिकली होती आणि आता मला विचारत होती.

आता या उद्योगातली खोट सांगतो. पाचवीच्या सहामाहीत तिला वीसपैकी अकरा मिळाले. पाव, अर्धा, पाऊण, अष्टमांश जिथे होते तिथे ती अचूक. तृतीयांश आणि पंचमांश आले की पुन्हा गडबड. मला कारण लगेच दिसलं. आपलं स्वयंपाकघर अर्ध्याच्या अर्ध्यावर चालतं. पायलीपासून निळव्यापर्यंत नुसतं दुमडत जायचं. पाव वाटी सगळे म्हणतात, तिसरा हिस्सा वाटी कोण म्हणतं? भाकरीचे चार तुकडे होतात, पाच कुणी करत नाही. ओट्यावर शिकवून मी तिला अर्धंच गणित शिकवलं, असं मी बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग उरलेलं टेबलावर शिकव." तिच्या बोलण्यात नेहमी एवढंच असतं.

टेबलावर शिकवलं. रंगवलेल्या पट्ट्या, कापलेले कागद. कंटाळा आला दोघांनाही.

उन्हाळ्यात माझी बहीण कुटुंबासह येणार होती, आणि तिच्या दिरांचीही मंडळी. एकूण सोळा माणसं. आमच्याकडे पाहुण्यांना वरणबट्टी. बट्टीचं पीठ आमच्या घरी चार भाग गहू आणि एक भाग मका, जाडसर दळलेलं. चौघांना पाऊण किलो पीठ लागतं, मग सोळांना तीन किलो, हे लेकीने चटकन सांगितलं. "तीन किलोत मका किती?" मी विचारलं.

"पाऊण किलो. चारास एक, म्हणजे पाव भाग."

मीही मान डोलावली. आई खुर्चीवरून म्हणाली, "मग गहू किती?"

"सव्वादोन."

"सव्वादोनला चारने भाग की."

भागलं. पाऊण येईना. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. चारास एक म्हणजे मका गव्हाच्या पाव भाग. पण पिठात एकूण भाग पाच, त्यात मक्याचा एक. मका सहाशे ग्रॅम, गहू दोन किलो चारशे. लेकीने काट्यावर पाच ढीग केले, प्रत्येकी सहाशेचे, आणि एकदम ओरडली, "हा पंचमांश आहे!" मग ती तिथेच उभी राहून मोजायला लागली. मोदकाच्या सारणात दोन वाट्या खोबरं, एक वाटी गूळ, म्हणजे गूळ एक तृतीयांश. इडलीला तिनास एक, म्हणजे उडीद डाळ पाव भाग, तिसरा नव्हे. आणि भात एकास दोन. पहिल्या संध्याकाळी ज्याचा गिचका झाला, त्या पातेल्यात तांदूळ एक तृतीयांश असायला हवे होते. वर्षभर तृतीयांश समोर शिजत होता आणि मी फोनवर सांगत होतो की आमच्या ओट्यावर तो नाही.

पाहुण्यांच्या त्या दिवसाची आठवण मात्र आमच्याकडे दुसऱ्याच कारणाने निघते. लेकीने वहीत सगळं चौपट करून ठेवलं होतं. पीठ चौपट, तूरडाळ चौपट, हळद, मीठ, मोहन, सगळं. बट्ट्या अठ्ठेचाळीस, उकडून प्रत्येकीचे चार तुकडे, एकशे ब्याण्णव तुकडे, कढईत एका घाण्याला चोवीस, म्हणजे आठ घाणे. घाण्याला सहा मिनिटं धरली, अठ्ठेचाळीस मिनिटं. हे सगळं बरोबर आलं. मी बट्ट्यांच्या मागे होतो, वरणाचा कुकर तिच्याकडे. बहीण दारातून आत येत होती तेव्हा स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

"किती शिट्ट्या झाल्या?"

"अकरा. बारा करायच्या आहेत. रोज तीन करतो ना, तीन चोक बारा."

डाळ खाली लागली होती. वरची काढून वापरली, लसणाची फोडणी जरा सढळ हाताने घातली. कुणी काही बोललं नाही, पण भावोजींनी वरण दुसऱ्यांदा घेतलं नाही.

रात्री भांडी झाल्यावर आम्ही वहीत खाडाखोड केली. माणसं वाढली की पीठ वाढतं, मीठ वाढतं. शिट्ट्या वाढत नाहीत. तळणीचं तेलही चौपट ओतावं लागत नाही, कढई तीच असते, फक्त घाणे वाढतात. आणि बट्ट्या वळायला हात वाढले तर वेळ कमी होतो. वाढणारं, तेवढंच राहणारं आणि कमी होणारं. तिने तीन रकाने पाडले. तिसऱ्या रकान्याला आपल्याकडे जुनं नाव आहे, व्यस्त त्रैराशिक. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त त्याचं एक उदाहरण धान्याच्या मापाचंच आहे. सात आढक मावणाऱ्या मापाने एक रास मोजली तर शंभर मापं भरली, पाच आढकांच्या मापाने किती भरतील? माप लहान झालं की मापांची संख्या वाढणार. मी ते लेकीला घातलं. तिने एकशे चाळीस सांगितलं आणि म्हणाली, "हे तर आपलं वाट्यांचं गणित आहे." आईचं माहेर चाळीसगावकडचं. तिथून जवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता, असं तिथे सापडलेला शिलालेख सांगतो. आई लहानपणी पाटणादेवीला बैलगाडीने जायची. शिलालेखाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सहावीत अपूर्णांकांचा भागाकार आला. मी सांगितलं, "दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं."

"का?"

पाचवीतला तोच प्रश्न, आणि माझ्याकडे उत्तर तेच, असतं तसं. मी तिच्याएवढा असल्यापासून उलटा करून गुणत आलोय, पतसंस्थेत भरती होताना परीक्षेतही तसंच गुणलं. का ते मला कधीच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. हे लिहिताना थोडी लाज वाटते.

श्रावणात घरी सत्यनारायण होता. प्रसादाच्या शिऱ्याला रवा, तूप, साखर सगळं सव्वा. दीडशेची वाटी पूजेत अडकलेली, भटजींनी तिच्यात पंचामृत कालवलं होतं. हाताशी फक्त पाव वाटीचं प्लास्टिकचं माप. लेक रवा घालत होती आणि मोजत होती, एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवर थांबली. सोवळ्यातल्या काकू म्हणाल्या, बोलू नकोस, हात चालव. पण ती हात तसाच धरून माझ्याकडे वळली.

"सव्वा भागिले पाव, पाच. एका वाटीत पाव वाट्या चार मावतात, म्हणून चारने गुणायचं. उलटं बिलटं काही करत नाही आपण. किती मावतात ते मोजतो."

मी तूप पातळ करत होतो. म्हणालो, "बरोबर आहे." दुसरं काय म्हणणार?

शाळेत याचा फार फायदा झाला असं सांगता येत नाही. सहावीत तिला वीसपैकी चौदापंधरा मिळतात. उत्तर बरोबर असतं, पायऱ्या नसतात, म्हणून गुण कापले जातात. एकदा बाईंनी शेरा लिहिला होता, रीत दाखवावी. मी बाईंना दोष देत नाही. साठ मुलांच्या वर्गात कुणाच्या डोक्यात वाटी आहे हे कसं कळणार? मी लेकीला सांगितलं की रीत लिहिणं म्हणजे पाककृती लिहिणं, दुसऱ्याला तसाच पदार्थ करता आला पाहिजे. तिला ते अर्धवट पटलं आहे.

पाककृतीवरून आठवलं. मागच्या दिवाळीत शंकरपाळे करायचे होते. आईचं प्रमाण तिच्या सासूबाईंपासून चालत आलेलं: दूध, तूप, साखर समसमान, आणि मावेल एवढा मैदा. आम्ही प्रत्येकी दोन वाट्या धरल्या, दीडशेच्या.

"मावेल एवढा म्हणजे किती?"

"मावेल तेवढा," आई म्हणाली. "हाताला कळतं."

"माझ्या हाताला कळत नाही."

"कळेल."

लेकीला हे अजिबात चाललं नाही. तिने एक किलो मैदा काट्यावर तोलून परातीशेजारी ठेवला. दूध, तूप, साखर गरम करून, निववून, त्यात मी मैदा घालत गेलो आणि आई खुर्चीवरून गोळा दाबून बघत राहिली. "अजून... अजून थोडा... बस." उरलेला मैदा लेकीने तोलला. एकशे तीस ग्रॅम. तिने वहीत लिहिलं: मावेल = ८७०. त्याखाली रेघ मारली. माझ्या डोळ्यांसमोर सातवी-आठवीचं बीजगणित उभं राहिलं, पण मी ते तोंडातून काढलं नाही.

आईने ती वही मागवून घेतली, चष्मा लावून वाचली. म्हणाली, "पुढच्या वर्षी दूध पातळ असलं तर? पावसाळी हवा असली तर? मैदा जुना निघाला तर?"

यंदा तेच झालं. वाट्या त्याच, प्रमाण तेच, गोळा दाबून बस म्हणणारा हात तोच. मैदा लागला ९१५ ग्रॅम. लेकीने ८७० खाली ९१५ लिहिलंय, शेजारी दुधाचा आणि हवेचा रकाना पाडलाय, आणि पुढच्या दिवाळीसाठी पान कोरं ठेवलंय.